पहिल्या गाडीच्या आधी

ग्रंथालयाच्या दारातल्या ये-जा नोंदवहीत छापील रकाने पाच असतात. नाव, वर्ग, आत आल्याची वेळ, बाहेर गेल्याची वेळ आणि सही. आमच्या नोंदवहीत सहावा रकाना पेनाने आखलेला असायचा, गावाचा. तो आखा असं कोणी सांगितलं नव्हतं. आमच्या परिचर भाऊंची ती सवय होती. नवं पोरगं आत आलं की त्यांचा पहिला प्रश्न, "कुठचा रे बाबू?" उत्तर मिळालं की ते लिहून ठेवायचे. शेंबाळपिंपरी, जांबबाजार, बेलोरा, खंडाळा, गुंज, फुलसावंगी, आणि या गावांच्या मधले कितीतरी तांडे.

पुसदच्या एका महाविद्यालयात मी ग्रंथपाल आहे. जुनी इमारत पाडून तिथे नवं अध्ययन केंद्र बांधायचं ठरलं, तेव्हा अभियंत्यांनी चाचण्यांचे आकडे आणले, वास्तुविशारदांनी नकाशे आणले, संस्थेच्या कार्यालयाने खर्चाचा अंदाज मांडला. ती इमारत रोज कोण वापरतं, किती वाजता वापरतं आणि कशासाठी, हे सांगणारा कागद मात्र एकच होता. भाऊंची नोंदवही.

जुनी इमारत साठच्या दशकातली. काळ्या दगडाचं जोतं, विटांच्या जाड भिंती, वर सागवानी कैच्या आणि मंगलोरी कौलं. पुढून या टोकापासून त्या टोकापर्यंत शहाबादी फरशीचा व्हरांडा. मागच्या बाजूला पुढे कधीतरी स्लॅबच्या खोल्या जोडलेल्या. ती उभी राहिली तेव्हा आमच्या भागातली महाविद्यालयं नागपूर विद्यापीठाखाली होती. १ मे १९८३ ला अमरावती विद्यापीठ झालं आणि आम्ही तिकडे गेलो. पुढे त्या विद्यापीठाला संत गाडगेबाबांचं नाव लागलं. आमच्या कपाटांत या तिन्ही काळांचे शिक्के असलेली पुस्तकं आहेत.

ती इमारत पाडायलाच हवी होती, हे मी आजही ठामपणे म्हणते. जुन्या वास्तूबद्दल हळहळणारे पुष्कळ भेटले, पण त्यातले फार थोडे जण मागच्या खोल्यांत पावसाळ्यात बसले होते. तिथल्या स्लॅबमधल्या सळ्या गंजून फुगल्या होत्या आणि काँक्रीटच्या खपल्या सुटून टेबलांवर पडत होत्या. संदर्भग्रंथांची कपाटं आम्ही एकेका कोपऱ्यातून सरकवत शेवटी खोलीच्या मधोमध आणली होती. भिंतींची तऱ्हा वेगळी. आमच्याकडे खाली काळी माती. पाणी मिळालं की ती फुगते, उन्हाळ्यात आटली की हात जाईल एवढ्या भेगा पडतात. शेतकऱ्याला हीच माती कापूस देते, ओल धरून ठेवते. पण उथळ पायाच्या इमारतीला ती वर्षातून एकदा उचलते आणि एकदा खाली सोडते. वाचनकक्षाच्या खिडकीच्या कोपऱ्यातून तिरपी निघालेली एक भेग मेमध्ये रुंद व्हायची आणि पोळ्याच्या सुमारास मिटल्यासारखी दिसायची. दर दिवाळीत आम्ही ती बुजवून चुना मारायचो आणि दर उन्हाळ्यात ती पुन्हा उघडायची.

२०१९ मध्ये स्ट्रक्चरल ऑडिट झालं. अभियंता तरुण होता, बोलायला कमी. त्याने हातोडीसारखं यंत्र स्लॅबवर दाबून आकडे घेतले, ध्वनिलहरी सोडून काँक्रीटच्या आतली पोकळी तपासली. मला लक्षात राहिलं ते त्याचं सगळ्यात साधं काम. त्याने त्या तिरप्या भेगेवर आडवी काचेची पातळ पट्टी ठेवली, दोन्ही टोकांना प्लास्टरचे गोळे लावून पक्की केली आणि गोळ्यावर खिळ्याने तारीख कोरली. "मॅडम, हिला हात लावू देऊ नका. काच ताणली जात नाही. भिंत जिवंत असेल तर ही तुटेल." अशा पट्ट्या त्याने चार-पाच ठिकाणी लावल्या. येणारं-जाणारं पोरगं थांबून बघायचं, भाऊ त्याला दुरूनच हटकायचे. पुढच्या उन्हाळ्यात महाविद्यालय कोरोनामुळे बंद होतं. मी पुस्तकांना उधई लागली का ते बघायला आत गेले, तेव्हा खिडकीजवळची पट्टी मधोमध तडकलेली होती. दोन तुकड्यांच्या कडा एका रेषेत नव्हत्या. एक बाजू किंचित खाली गेली होती. अहवालातल्या कोष्टकांपेक्षा बांधकाम समितीला त्या पट्टीचा फोटो लवकर कळला.

मग नकाशे आले. पहिला नकाशा दिसायला देखणा होता. समोरून काच, आत वातानुकूलित वाचनकक्ष, संगणकांच्या रांगा, चर्चेसाठी छोट्या खोल्या, वर सभागृह. अध्ययन केंद्रात आता काय काय असावं, याची यादी नॅकच्या कागदांपासून इतर विद्यापीठांच्या ज्ञानस्रोत केंद्रांपर्यंत सगळीकडे एकसारखीच मिळते, आणि त्या यादीतलं सगळं त्यात होतं. व्हरांडा नव्हता. वास्तुविशारदांचं म्हणणं सरळ होतं. व्हरांड्यात जाणारी जागा वापरात धरता येत नाही, आणि तेवढ्याच पैशात आतला कक्ष मोठा होतो.

ही गोष्ट मला पटत नव्हती, कारण वापर मी रोज बघत होते. आमच्याकडे येणाऱ्या मुलांमध्ये निम्म्याहून जास्त बाहेरगावची. पुसदला रेल्वे नाही. वर्धा-यवतमाळ-नांदेड मार्गाचा वर्धा ते कळंब हा पहिला तुकडा २०२४ च्या फेब्रुवारीत सुरू झाला, पण आमच्यापर्यंत रूळ यायला अवकाश आहे. म्हणजे सगळी मदार एसटीवर, आणि गावाकडच्या गाड्या मोजक्याच. सकाळची एक चुकली तर पुढची दुपारी. तास अकराला असला तरी मुलगी साडेसातला पुसदच्या स्टँडवर उतरते, कारण तिच्या तांड्यावरून दुसरी गाडीच नाही. तास दोनला संपतो आणि परतीची गाडी पाचला असते. मधले तास ती कुठे काढते? आमच्या व्हरांड्यात. तिथेच डबा खायचा, तिथेच शिष्यवृत्तीचा फॉर्म मोबाइलवर भरायचा, तिथेच मैत्रिणीची वही उतरवून घ्यायची. घरची मंडळी मुलीला कॉलेजात पाठवायला तयार होतात, ती व्हरांड्यात दिवसभर चार ओळखीची माणसं असतात म्हणून. स्टँडवर बसून राहावं लागलं असतं, तर कित्येक बापांनी दुसऱ्याच महिन्यात नाव काढून घेतलं असतं. हे मला बापांनीच सांगितलेलं आहे.

रंगनाथनांनी १९३१ मध्ये ग्रंथालयशास्त्राचे पाच नियम मांडले. त्यातला चौथा वाचकाचा वेळ वाचवण्याबद्दल आहे. आम्ही ग्रंथपाल त्याचा अर्थ बहुधा कपाटापुरता घेतो. वर्गीकरण नीट करा, तालिका करा, पुस्तक पटकन हाती द्या. माझ्या वाचकाचा वेळ कपाटापाशी जात नव्हता, रस्त्यावर आणि वाट बघण्यात जात होता. तो वेळ वाचवायचा तर इमारतीनेच काहीतरी करायला हवं होतं.

मी भाऊंच्या नोंदवह्या काढल्या. गावाचा रकाना आणि आत आल्याची वेळ शेजारी शेजारी ठेवली की चित्र आपोआप उमटत होतं. नोंदी दिवसभर सारख्या पसरलेल्या नव्हत्या, त्यांचे झुबके होते. एका वेळी आलेली नावं एकाच रस्त्यावरच्या गावांची. पुसद आगारातून वेळापत्रक आणून त्यावर ठेवलं, तर झुबक्यांच्या वेळा आणि गाड्यांच्या वेळा एकमेकांवर बसल्या. बाहेर जाण्याच्या वेळांचंही तेच. प्राचार्य सरांना मी ते तक्ते दाखवले. त्यांनी चष्मा काढून बराच वेळ पाहिले आणि म्हणाले, "हे समितीपुढे ठेवा. पण बोला तुम्ही. मी बोललो तर ते प्रशासनाचं म्हणणं होईल."

समितीची बैठक व्हायची होती, आणि तेवढ्यात २०२१ च्या हिवाळ्याने ते काम माझ्यापेक्षा जास्त स्पष्टपणे केलं.

२० ऑक्टोबर २०२१ ला राज्यातली महाविद्यालयं पुन्हा उघडली. ग्रंथालय आम्ही वसतिगृहाच्या बंद पडलेल्या मेसमध्ये हलवलं होतं आणि जुनी इमारत उतरवायला सुरुवात झाली होती. आधी कौलं, मग कैच्या, मग भिंती. दीड वर्षाने मुलं परत येत होती, आणि आठवड्याभरात एसटी कर्मचाऱ्यांचा संप सुरू झाला. आगार ओस पडलं. संप एप्रिलपर्यंत चालला. उच्च न्यायालयाने २२ एप्रिलपर्यंत कामावर हजर व्हायला सांगितलं, त्यानंतर गाड्या पूर्ववत झाल्या. संपावर बसलेल्या चालक-वाहकांचीही मुलं आमच्याकडेच शिकत होती, त्यांच्या घरची ओढाताण आम्ही जवळून पाहिली. त्यामुळे त्या महिन्यांबद्दल लिहिताना माझ्या मनात कोणाबद्दल राग नाही. पण गावातून कॉलेजात येण्याचा रस्ता किती बारीक धाग्यावर टांगलेला आहे, हे तेव्हा उघडं पडलं. विद्यार्थी पासावर एसटी ६६.६७ टक्के सवलत देते. काळी-पिवळीला पास चालत नाही. ज्यांच्या घरी मोटारसायकल होती ती मुलं आली. काहींनी मिळून पुसदमध्ये खोली केली. मुली कमी झाल्या, आणि सगळ्यात आधी कमी झाल्या त्या लांबच्या तांड्यांवरच्या.

जी मुलं येत होती ती दुधाच्या गाडीवर, भाजीच्या टेम्पोत, मिळेल त्या वाहनाने आणि मिळेल त्या वेळेला. सकाळी सातला मी मेसचं कुलूप उघडायला गेले, तर जोत्याचे उतरवून रचून ठेवलेले काळे दगड होते, त्यांच्यावर कडुनिंबाखाली पोरं स्वेटर घालून बसलेली. एकजण दगडावर वही ठेवून हिशेबाच्या नोंदी उतरवत होता. मी म्हटलं, इतक्या लवकर? तो म्हणाला, "मॅडम, दूधवाल्या काकाची गाडी पाचलेच निघते जी. मंग कुठी बसाव?"

त्याच सुमारास बैठक झाली. मी तक्ते मांडले आणि व्हरांडा हवा म्हणून सांगितलं, उरलासुरला नको, नकाशाची सुरुवातच त्यापासून व्हायला हवी म्हणून. एक सदस्य वैतागून म्हणाले, "मॅडम, आपण अध्ययन केंद्र बांधतोय का धर्मशाळा?" तेव्हा प्राचार्य सर पहिल्यांदा बोलले. म्हणाले, "आपण ज्यांच्या नावाच्या विद्यापीठाशी संलग्न आहोत, त्यांनी आयुष्यभर धर्मशाळाच बांधल्या." गाडगेबाबांनी पंढरपूर, आळंदी, नाशिक अशा ठिकाणी लांबून पायी येणाऱ्या माणसाला टेकायला जागा मिळावी म्हणून काय काय उभं केलं, हे वऱ्हाडातल्या माणसाला वेगळं सांगावं लागत नाही. त्या सदस्यांनी पुढे याच कामासाठी स्वतःहून देणगी दिली, हेही इथे लिहायला हवं.

वास्तुविशारदांबद्दल मला आदर वाटतो तो यासाठी, की मुद्दा पटल्यावर त्यांनी नकाशाला ठिगळ लावलं नाही, नकाशा नव्याने मांडला. समोरची काच गेली. मेमध्ये पारा ४४-४५ ला जाणाऱ्या जिल्ह्यात पश्चिमेला काच लावणं म्हणजे दुपारचं तापलेलं ऊन आत घ्यायचं आणि मग ते बाहेर काढायला वीज जाळायची. तिच्या जागी पश्चिमेला आणि दक्षिणेला दहा फुटी व्हरांडा आला, आणि त्याच्या सावलीमुळे आतला वाचनकक्ष पंख्यांवर निभावतो. व्हरांड्याला भिंतीलगत बसायचा कट्टा, पिण्याचं पाणी, मोबाइल चार्जिंगचे पॉइंट. मुलींच्या स्वच्छतागृहाचं दार व्हरांड्यातून, म्हणजे आतलं कुलूप उघडलेलं नसलं तरी ते उघडं. पुस्तकं परत घ्यायची एक खिडकी व्हरांड्यात, कारण गाडी पकडायला धावणाऱ्या मुलाने ओळखपत्र दाखवून आत येऊन रांगेत उभं राहावं, ही अपेक्षा चुकीची आहे.

आणि सगळ्यात मोठा बदल बाहेरून दिसतच नाही. अभ्यासिका आणि ग्रंथसंग्रह आम्ही वेगळ्या कुलपांखाली ठेवले. आधीच्या नकाशात दोन्ही एका दारात होते, म्हणजे ग्रंथालयाचा माणूस हजर असेल तेव्हाच बसायला जागा मिळणार. आमच्याकडे परिचराची पदं वर्षानुवर्षं भरली जात नाहीत. एका माणसाने पहाटेपासून रात्रीपर्यंत कपाटं सांभाळायची कशी? आता अभ्यासिका पहारेकरी उघडतो, मुलं बसतात. कपाटं आम्ही आमच्या वेळेला उघडतो. लहान गावांत अध्ययन केंद्र बांधणाऱ्यांना मला एकच गोष्ट सुचवायची असेल तर ती ही कुलपांची आहे. संगणक नंतर घेता येतात. भिंत नंतर हलत नाही.

पाया २०२२ च्या उन्हाळ्यात भरला. पावसाच्या आत उरकणं भाग होतं. काळ्या मातीची हालचाल साधारण साडेतीन मीटर खोलीपर्यंत चालते, म्हणून पाया त्याच्या खाली टेकवायचा. रुरकीच्या केंद्रीय भवन संशोधन संस्थेने अशा मातीसाठी तळाशी फुगीर असणारे पाइल काढले, तेच इथे घातले. खड्डा अरुंद, नुसता गोल, पण तळाशी एक उघडमीट करणारं पातं सोडून तो आतल्या आत अडीचपट रुंद करतात, मग सळ्यांचा पिंजरा सोडून काँक्रीट भरतात. वर माती कितीही फुगली तरी तो तळचा फुगीर भाग खांबाला उपसू देत नाही. मी काम बघायला जाऊन उभी राहायचे. आधी वर यायची ती काळी, बोटांना चिकटणारी माती, मग करडी, आणि बऱ्याच खोलीवर पिवळसर मुरूम. मुरूम दिसला की मिस्त्री हात वर करून खूण करायचे. पाइलच्या डोक्यावरच्या बीमखाली मुद्दाम मोकळी फट ठेवली आहे. फुगलेल्या मातीने त्या फटीत फुगावं, बीमला ढकलू नये. त्या फटीपाशी उभं राहून मला काचेची पट्टी आठवायची.

पुस्तकांचं स्थलांतर हा वेगळ्या लेखाचा विषय आहे. निर्लेखन करताना मन घट्ट करावं लागलं. उधईने पोखरलेल्या प्रती, रद्द झालेल्या अभ्यासक्रमांचे ढीग, कोणी कधीच न काढलेले अहवाल. १९०८ चं यवतमाळ जिल्हा गॅझेटियर आणि जुन्या दाखल नोंदवह्या मात्र मी पहिल्या पेटीत, स्वतःच्या हाताने ठेवल्या. कैच्यांचं सागवान विकायचा प्रस्ताव होता. ते ठेवून घेऊन वाचनकक्षाची टेबलं केली. सुताराला त्यातले खिळे काढायला लाकूड कापण्यापेक्षा जास्त वेळ लागला, पण ती टेबलं आणखी दोन पिढ्या हलणार नाहीत.

२०२३-२४ च्या सत्रात केंद्र सुरू झालं. उद्घाटनाचे हार-तुरे झाले, फोटो झाले. माझ्या दृष्टीने इमारत खरी सुरू झाली ती त्यानंतरच्या सोमवारी, पहिल्या गाडीची मुलं व्हरांड्यातून सरळ अभ्यासिकेत जाऊन बसली तेव्हा. कोणी त्यांना वाट दाखवली नव्हती.

पुढच्या वर्षी, १० जुलै २०२४ ला सकाळी सव्वासातच्या सुमारास हिंगोली जिल्ह्यात ४.५ तीव्रतेचा भूकंप झाला. त्याचं केंद्र कळमनुरी तालुक्यातल्या रामेश्वर तांड्याकडे, म्हणजे आमच्या शेजारीच. त्या वेळी अभ्यासिकेत पोलीस भरतीची तयारी करणारी मुलं-मुली बसलेली होती. मी घरी डबा भरत होते. भांडी खणखणली आणि पाठोपाठ पहारेकऱ्याचा फोन, "मॅडम, समदे बाहेर हायेत, काई झालं नाई." मी पोचले तेव्हा सगळे मैदानात उभे राहून घरी फोन लावत होते. कळमनुरीकडच्या हद्दीवरची एक मुलगी थरथरत होती. तिच्या आईचा फोन लागत नव्हता. किल्लारीचा भूकंप झाला तेव्हा यातलं कोणीच जन्मलेलं नव्हतं, पण ३० सप्टेंबर १९९३ ची पहाट या भागातल्या प्रत्येक घरात सांगितली गेलेली आहे. दगड-मातीच्या भिंती आणि वर जड माळवदं, झोपेतच गाडली गेलेली माणसं. मैदानात कोणीतरी ते नाव घेतलंच. थोड्या वेळाने त्या मुलीच्या आईचा फोन आला, घरचे सुखरूप होते.

अभियंत्याला फोनवर घेऊन मी आणि भाऊंनी एकेक खोली पाहिली. खिडक्यांचे कोपरे, बीम आणि भिंतीचे सांधे, जिन्याखालचा भाग. केसभर भेगसुद्धा नव्हती. मागच्या त्या खोल्या, खपल्या पडणारा तो स्लॅब त्या दिवशी डोक्यावर असता तर काय झालं असतं, याचा विचार भाऊंच्याही मनात आला असणार. ते बराच वेळ स्लॅबकडे बघत राहिले. नऊ वाजता मुलं पुन्हा आत जाऊन बसली. शारीरिक चाचण्या चालू होत्या, लेखी परीक्षा समोर होती.

आता ये-जा नोंद संगणकावर होते. ओळखपत्र दाखवलं की वेळ आपोआप पडते. प्रणाली बसवताना मी एकच अट घातली होती, गावाचा रकाना पाहिजे. बसवायला आलेल्या मुलाने विचारलं, पत्ता तर प्रवेश अर्जात असतोच, पुन्हा कशाला? मी त्याला सांगितलं, प्रवेश अर्जातला पत्ता जूनचा असतो. डिसेंबरात मुलगी मावशीकडे राहायला आलेली असते, खोली सोडून गावी परतलेली असते, नाहीतर लग्न होऊन दुसऱ्या गावाहून येत असते. ती आज कुठून आली, हे मला आजच कळायला हवं. त्याने रकाना घातला.

अजून मागण्या संपलेल्या नाहीत. वीज गेली की व्हरांड्यातले दिवे जातात, त्यासाठी सौर पॅनेलचा प्रस्ताव पाठवला आहे. रविवारी अभ्यासिका उघडी असते पण गावाकडच्या गाड्या कमी असतात, त्यासाठी आगारात अर्ज दिला आहे आणि त्यासोबत आमचे तक्ते जोडले आहेत. दर जूनमध्ये, सत्र उघडण्याच्या आधी, भाऊ आगारात जाऊन बदललेलं वेळापत्रक घेऊन येतात आणि आम्ही केंद्राच्या वेळा त्यावर लावतो. या वेळी घाटाकडून येणारी पहिली गाडी थोडी अलीकडे आली आहे, म्हणून अभ्यासिका पावणेसातऐवजी साडेसहाला उघडायची असं ठरलं. पहारेकऱ्याला तसं सांगितलं आहे, आणि फळ्यावरही लिहिलं आहे.